सेप्सिस आणि रक्तशुद्धीकरण : यंत्र कधी तारते, कधी नाही

मुंबई-गोवा महामार्गावरून हातखंबा ओलांडून दक्षिणेकडे निघाले की पाली लागते. नाणीज, साखरपा आणि आंबा घाटावरून कोल्हापूरला जाणारा रस्ता येथूनच फुटतो. जिल्ह्याचे ठिकाण असलेले रत्नागिरी येथून वीसेक किलोमीटरवर, तर कोल्हापूर घाट चढून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. ऐन पावसाळ्यात गंभीर आजारी माणसाला गाडीत घालून निघालेल्या कुटुंबापुढे या तिठ्यावर मोठा प्रश्न उभा असतो : जवळच्या शहरात जायचे, की घाटापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात? त्या घालमेलीत बहुधा एक वाक्य कानांवर पडलेले असते. ‘रक्तात जंतू पसरले आहेत, रक्त शुद्ध करावे लागेल.’

हे वाक्य चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. ‘रक्त शुद्ध करणे’ या दोन शब्दांखाली निदान चार-पाच निरनिराळे उपचार येतात. त्यांपैकी एकाने गेल्या अनेक दशकांत असंख्य प्राण वाचविले आहेत. काहींचा उपयोग अद्याप सिद्ध झालेला नाही आणि एक-दोन उपचारांनी रुग्णांचे नुकसान झाल्याचे चाचण्यांत आढळले आहे. यांतील फरक समजून घेणे रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे, कारण भातखाचरातून येणारा लेप्टोस्पायरोसिस हा सेप्सिसचाच एक प्रकार येथे दर पावसाळ्यात डोके वर काढतो.

सेप्सिस म्हणजे नेमके काय?

जंतुसंसर्ग झाला म्हणजे सेप्सिस झाला असे नव्हे. जंतूंचा प्रतिकार करताना शरीराची संरक्षणयंत्रणाच बेताल होते आणि त्या गोंधळात मूत्रपिंड, फुप्फुसे, यकृत, मेंदू अशी इंद्रिये निकामी होऊ लागतात, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. ही व्याख्या २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी निश्चित केली. त्यापूर्वी ताप, नाडीची गती, श्वासाची गती आणि पांढऱ्या पेशींची संख्या यांवर अधिक भर दिला जात असे. सेप्सिसमध्ये रक्तदाब इतका खालावला की सलाइन देऊनही तो सावरत नाही, तो टिकविण्यासाठी औषधांचा ठिबक लावावा लागतो आणि रक्तातील लॅक्टेटही वाढलेले असते, तेव्हा त्यास सेप्टिक शॉक म्हणतात.

या आजाराचा आवाका मोठा आहे. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले. जगातील दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक, असे हे प्रमाण पडते.

सेप्सिसमध्ये रक्तात दोन प्रकारचे ‘विष’ असते असे ढोबळमानाने म्हणता येईल. पहिले जंतूंचे. ग्रॅम-ऋण वर्गातील जंतूंच्या बाह्यावरणात एंडोटॉक्सिन नावाचा घटक असतो आणि जंतू फुटले की तो रक्तात मिसळतो. दुसरे आपल्याच शरीराचे. जंतूंची चाहूल लागताच पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप वाहून नेणाऱ्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. हे निरोपे मर्यादेत असले तर उपकारक ठरतात, पण त्यांचा पूर आला की रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपू लागते आणि सूक्ष्म वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात. तेव्हा हे दोन्ही पदार्थ रक्तातून गाळून काढावेत, असा विचार पुढे येणे स्वाभाविकच होते.

सॉसेजच्या आवरणापासून सुरुवात

रक्त शरीराबाहेर काढून, स्वच्छ करून पुन्हा आत सोडण्याचे काम माणसावर यशस्वीरीत्या करून दाखविण्याचा मान डच डॉक्टर विलेम कॉल्फ यांच्याकडे जातो. दुसरे महायुद्ध चालू असताना, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कॅम्पेन या लहानशा गावात त्यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. लाकडी पट्ट्यांचे फिरते पिंप आणि त्याभोवती गुंडाळलेली, सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी, असे ते यंत्र होते. पहिल्या सोळा रुग्णांत त्यांना म्हणावे तसे यश आले नाही. सतरावी रुग्ण, सदुसष्ट वर्षांची एक स्त्री, सप्टेंबर १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेतून जागी झाली आणि पुढे काही वर्षे जगली. आजच्या डायलिसिसची परंपरा तेथून सुरू होते.

साध्या डायलिसिसमध्ये अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या पटलाच्या एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने विशिष्ट क्षारांचे द्रावण वाहते. युरिया, पोटॅशियम यांसारखे लहान रेणू जास्त असतील तिकडून कमी असतील तिकडे आपोआप सरकतात. सायटोकाइनचे रेणू मात्र त्यांच्या मानाने बरेच मोठे असल्याने या वाटेने फारसे जात नाहीत. त्यांच्यासाठी दाब देऊन रक्तातील पाणी पटलातून ओढून काढावे लागते आणि त्या पाण्याबरोबर मध्यम आकाराचे रेणूही बाहेर पडतात. काढलेल्या पाण्याच्या जागी शुद्ध द्रावण भरले जाते. यास हीमोफिल्ट्रेशन म्हणतात. १९७७ मध्ये जर्मनीतील गॉटिंगेन येथे पीटर क्रेमर यांनी हे काम संथ गतीने, चोवीस तास चालू ठेवण्याची रीत दाखविली. रक्तदाब खालावलेल्या रुग्णास चार तासांत भराभर पाणी काढणारे डायलिसिस सोसत नाही. त्याला हा सौम्य, अखंड उपचार मानवतो. अतिदक्षता विभागात ‘सीआरआरटी’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र ते हेच.

तिसरी रीत चिकटवून घेण्याची. कोळशावर जसे रंग आणि वास चिकटून राहतात, तसे विशिष्ट पदार्थांच्या मण्यांनी किंवा तंतूंनी भरलेल्या नळकांड्यातून रक्त फिरवायचे आणि नको असलेले रेणू त्यावर अडकवून ठेवायचे. यास हीमोपरफ्यूजन म्हणतात. काही विषबाधांमध्ये कोळशाची नळकांडी फार पूर्वीपासून वापरात आहेत. चौथी रीत म्हणजे रक्तातील पेशी वेगळ्या करून रक्तद्रव पूर्णपणे टाकून द्यायचा आणि त्याच्या जागी दात्यांचा रक्तद्रव घालायचा. ही रक्तद्रव-अदलाबदल, म्हणजेच प्लाझ्मा एक्स्चेंज.

जपानी नळकांड्याची कहाणी

पॉलिमिक्सिन-बी हे जुने प्रतिजैविक एंडोटॉक्सिनला घट्ट धरून ठेवते. शिरेतून दिल्यास मात्र ते मूत्रपिंडास आणि मज्जातंतूंस अपाय करू शकते. जपानमधील शास्त्रज्ञांनी यावर नामी तोड काढली. औषध शरीरात सोडायचेच नाही. ते तंतूंवर कायमचे जखडून टाकायचे आणि रक्त त्या तंतूंमधून फिरवून आणायचे. ‘टोरे’ या कंपनीचे हे नळकांडे जपानमध्ये १९९४ पासून मान्यताप्राप्त उपचार म्हणून वापरले जात आहे. साधारणतः दोन-दोन तासांच्या दोन बैठका, असा त्याचा क्रम असतो.

२००९ मध्ये इटलीतील चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा वैद्यकविश्वात मोठी आशा निर्माण झाली. पोटातील जंतुसंसर्गामुळे शस्त्रक्रिया करावी लागलेल्या ६४ रुग्णांमध्ये नळकांडे वापरलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के होते. फरक इतका ठळक वाटला की चाचणी मध्येच थांबविण्यात आली. लहान चाचणी मध्येच थांबविली की निष्कर्ष फुगलेला दिसण्याची शक्यता असते, हे संख्याशास्त्राचे जुने दुखणे आहे आणि येथेही तेच झाले असावे. २०१५ मध्ये फ्रान्समधील २३२ रुग्णांच्या चाचणीत नळकांड्याच्या गटात २७.७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात १९.५ टक्के मृत्यू झाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक नव्हता, पण लाभ नक्कीच नव्हता. त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील ४५० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या चाचणीत रक्तातील एंडोटॉक्सिन मोजून, ते वाढलेल्या रुग्णांनाच निवडले होते आणि दुसऱ्या गटाला लटके यंत्र लावून दाखविले होते. मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ३७.७ आणि ३४.५ टक्के निघाले, म्हणजे लाभ शून्य.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेप्सिसविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पॉलिमिक्सिनचे हीमोपरफ्यूजन करू नये अशी सूचना दिली. ती सौम्य शब्दांत होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. एंडोटॉक्सिनची पातळी एका ठरावीक पट्ट्यात असलेल्या निवडक रुग्णांना लाभ होत असावा, हा विचार संशोधकांनी सोडलेला नाही आणि त्यासाठी पुढील चाचण्याही हाती घेतल्या गेल्या. परंतु एखादा उपचार संशोधनात असणे आणि तो गरजेचा असणे, यांत फरक आहे.

सायटोकाइन गाळणारी नळकांडी

एंडोटॉक्सिनऐवजी सायटोकाइनवर रोख धरणारी नळकांडी युरोपात २०११ पासून बाजारात आली. यांत ‘सायटोसॉर्ब’ हे नाव सर्वाधिक ऐकू येते. सूक्ष्म छिद्रांनी भरलेले पॉलिस्टायरीनजन्य मणी त्यात असतात आणि मध्यम आकाराचे रेणू त्या छिद्रांत अडकतात. भारतात ते २०१३ पासून उपलब्ध झाले आणि मोठ्या शहरांतील अतिदक्षता विभागांत त्याचा वापर रुजला. याच धर्तीवर, एंडोटॉक्सिन आणि सायटोकाइन दोन्ही अडविणारी, हेपॅरिनचा लेप दिलेली ‘ऑक्सिरिस’सारखी पटलेही आहेत.

नळकांडे लावल्यावर रक्तदाबाच्या औषधाची मात्रा कमी झाली, लॅक्टेट उतरले, असे अनुभव अनेक डॉक्टर मांडतात. ते खोटे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र त्याच वेळी प्रतिजैविके, सलाइन, शस्त्रक्रिया हे सर्व चालू असते. मग श्रेय कोणाचे? याचे उत्तर केवळ चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीतूनच मिळते. जर्मनीतील अशा एका चाचणीत, २०१७ मध्ये, सेप्सिसच्या ९७ रुग्णांत या नळकांड्याने रक्तातील इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनची पातळीदेखील दुसऱ्या गटाच्या तुलनेत कमी झाली नाही. शरीर ज्या वेगाने हे रेणू निर्माण करते, त्यापुढे यंत्राचे गाळणे तोकडे पडते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

याहून गंभीर इशारा करोनाच्या काळात मिळाला. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे, फुप्फुसे पूर्ण निकामी झाल्याने ‘एक्मो’ यंत्रावर ठेवलेल्या ३४ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिले तीन दिवस हे नळकांडे लावण्यात आले. तीस दिवसांनी त्या १७ पैकी केवळ ३ रुग्ण जिवंत होते. नळकांडे न लावलेल्या १७ पैकी १३ जिवंत होते. चाचणी लहान होती, त्यामुळे तिच्यावरून अंतिम निवाडा करता येत नाही. तथापि ‘लावून पाहू, तोटा तर नाही’ हे अतिदक्षता विभागात वारंवार ऐकू येणारे वाक्य त्यानंतर कोणी निर्धास्तपणे उच्चारू नये. रक्तद्रव वेगळा करून तो चिकटविणाऱ्या नळकांड्यातून फिरविण्याची आणखी एक संयुक्त पद्धत होती. इटलीतील तिची चाचणीही, पहिल्या काही दिवसांतील मृत्यू वाढलेले दिसल्याने, थांबवावी लागली.

अपाय कसा होत असावा? नळकांड्याला ‘वाईट’ आणि ‘चांगले’ ओळखता येत नाही. दाह शमविणारे सायटोकाइनही त्यात अडकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रतिजैविकेही अडकतात. ज्या औषधावर रुग्णाचे प्राण अवलंबून आहेत तेच रक्तातून काढून टाकले जात असेल आणि मात्रा वाढविण्याचे भान कोणी ठेवले नसेल, तर उपचारच उलटतो. शिवाय मानेतील किंवा जांघेतील मोठ्या शिरेत घातलेली नळी, रक्त गोठू नये म्हणून दिलेले हेपॅरिन, घटणाऱ्या प्लेटलेट, नळीतून होणारा नवा संसर्ग, हे धोके आहेतच.

मूत्रपिंड थांबते तेव्हा

आता त्या उपचाराकडे वळू, ज्याच्या उपयोगाबद्दल शंका नाही. सेप्सिसमध्ये मूत्रपिंड निकामी झाले, रक्तातील पोटॅशियम हृदय थांबण्याइतके वाढले, आम्लता औषधांनी आवरेना, फुप्फुसांत पाणी भरले किंवा युरियामुळे शुद्ध हरपू लागली, तर डायलिसिस हाच उपाय असतो. येथे यंत्र जंतू काढत नाही, की सेप्सिस बरा करत नाही. बंद पडलेल्या मूत्रपिंडाचे काम ते काही दिवस सांभाळते आणि प्रतिजैविकांना वेळ मिळवून देते. ‘रक्त शुद्ध करावे लागेल’ या वाक्याचा अर्थ हा असेल, तर त्यास विलंब न लावता होकार द्यावा.

हेच डायलिसिस अधिक जोराने केले तर सेप्सिसही आटोक्यात येईल, अशी कल्पना मात्र टिकली नाही. दर किलो वजनामागे तासाला ३५ मिलिलिटरऐवजी ७० मिलिलिटर गाळून पाहिलेल्या युरोपातील चाचणीत, २०१३ मध्ये, मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. त्याआधी २००९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील सुमारे दीड हजार रुग्णांच्या चाचणीत २५ आणि ४० मिलिलिटर अशा दोन मात्रांची तुलना झाली, तेव्हा नव्वद दिवसांतील मृत्यू दोन्ही गटांत ४४.७ टक्के होते, दशांश चिन्हापर्यंत सारखेच! तेव्हापासून तासाला किलोमागे २० ते २५ मिलिलिटर ही मात्रा पुरेशी मानली जाते. साठ किलोच्या माणसासाठी २५ च्या हिशेबाने ती दिवसाला ३६ लिटर होते. एवढे द्रावण निर्जंतुक पिशव्यांतून आणावे लागते आणि ‘सीआरआरटी’ महाग पडते त्याचे मोठे कारण हे आहे.

लवकर सुरू करण्याने तरी लाभ होतो का? तातडीची लक्षणे नसतानाही डायलिसिस घाईने सुरू करणे आणि लक्षणांची वाट पाहणे यांची तुलना २०१८ मध्ये फ्रान्समध्ये सेप्टिक शॉकच्या ४८८ रुग्णांवर झाली. तीन महिन्यांतील मृत्यू ५८ आणि ५४ टक्के होते, म्हणजे घाईचा लाभ दिसला नाही. वाट पाहिलेल्या गटातील ३८ टक्के रुग्णांना तर डायलिसिस लागलेच नाही. त्यांतील बऱ्याच जणांचे मूत्रपिंड आपणहून सावरले होते. २०२० मध्ये जवळपास तीन हजार रुग्णांच्या बहुराष्ट्रीय चाचणीने हाच निष्कर्ष पक्का केला. मात्र लक्षणे उघड दिसत असतानाही उशीर करावा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. या चाचण्यांतील ‘वाट पाहणे’ म्हणजे अतिदक्षता विभागात, यंत्र शेजारी तयार ठेवून, दर काही तासांनी रक्त तपासत वाट पाहणे होते. घाटातल्या वळणावर गाडीत बसून वाट पाहणे नव्हे.

भातखाचरातील सेप्सिस

कोकणातील परिस्थिती येथे वेगळी ठरते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून चिखलात आणि साचलेल्या पाण्यात येतात. आषाढात लावणीसाठी दिवसभर गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायावरील भेगांतून, ओरखड्यांतून ते शरीरात शिरतात. साधारणतः आठवडा-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप येतो, पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल होतात. बहुतेकांचा आजार इथपर्यंतच थांबतो. काहींना मात्र कावीळ होते, लघवी घटते, खोकल्यातून रक्त पडते. १८८६ मध्ये जर्मन वैद्य अडॉल्फ वाइल यांनी वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा गंभीर प्रकार तो हाच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली आणि शहरवासीयांना हे नाव परिचयाचे झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला त्याची ओळख शेताच्या बांधावरच झालेली होती.

लेप्टोतील मूत्रपिंडाच्या बिघाडाचे एक वैशिष्ट्य आहे. सुरुवातीस अनेकदा लघवी भरपूर होत असते आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी घटते. त्यामुळे ‘लघवी होते आहे, म्हणजे मूत्रपिंड ठीक आहे’ असा गैरसमज घरच्यांचा तर होतोच, कधी कधी तपासणाऱ्याचाही होतो. क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी केल्याखेरीज बिघाड कळत नाही. एकदा लघवी घटू लागली की मात्र प्रकृती झपाट्याने ढासळते.

या आजारात डायलिसिस किती लवकर आणि किती वारंवार करावे, याबद्दल ब्राझीलमधील साओ पाउलो येथील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव कोकणातील प्रत्येक रुग्णालयाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. गंभीर लेप्टोच्या ३३ रुग्णांपैकी ज्यांचे डायलिसिस उशिरा सुरू झाले आणि एक दिवसाआड केले गेले, त्यांच्यात ६७ टक्के मृत्यू झाले. दाखल होताच सुरू करून ते रोज करण्यात आले, त्या गटात १७ टक्के. हा अभ्यास लहान होता आणि दोन्ही गट वेगवेगळ्या काळातील होते, हे खरे. परंतु फरक मोठा आहे, आणि यासाठी परदेशी नळकांडे लागले नव्हते. लागले ते साधे डायलिसिस यंत्र, ते रोज चालविणारा तंत्रज्ञ आणि वेळेवर पाठविलेला रुग्ण. आधीच्या परिच्छेदांतील ‘वाट पाहा’ हा निष्कर्ष आणि हा अनुभव वरवर परस्परविरोधी वाटतील. सेप्सिस हे एका आजाराचे नाव नसून अनेक आजारांच्या एका समान टप्प्याचे नाव आहे. गंभीर लेप्टोत शरीरातील विघटन फार वेगाने होते आणि फुप्फुसेही धोक्यात असतात, म्हणून सर्वसाधारण नियम तेथे जसाच्या तसा लावता येत नाही.

यंत्र उपलब्ध नसेल तेथे पोटाच्या पोकळीत द्रावण सोडून करावयाचे डायलिसिस पूर्वी सर्रास केले जाई. त्याने अनेकांना तारलेही आहे. पण व्हिएतनाममध्ये मलेरिया व अन्य जंतुसंसर्गांमुळे मूत्रपिंड निकामी झालेल्या ७० रुग्णांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोटाच्या डायलिसिसच्या गटात ४७ टक्के, तर हीमोफिल्ट्रेशनच्या गटात १५ टक्के मृत्यू झाले. आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांनी यांतून मधला मार्ग काढला आहे. नेहमीचेच डायलिसिस यंत्र मंद गतीने सहा ते बारा तास चालवायचे. ‘स्लेड’ नावाची ही पद्धत ‘सीआरआरटी’पेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. मार्गदर्शक तत्त्वेही अखंड आणि खंडित यांपैकी कोणतीही पद्धत चालेल, असेच सांगतात. तेव्हा ‘आमच्याकडे चोवीस तासांचे यंत्र नाही’ एवढ्याच कारणावरून रक्तदाब ढासळलेल्या रुग्णास घाटापलीकडे पाठविण्यापूर्वी जवळपास स्लेड होऊ शकते का, हे पाहणे श्रेयस्कर.

पॉलिमिक्सिनच्या नळकांड्याला लेप्टोमध्ये तर सैद्धान्तिक आधारही कमकुवत आहे. या जंतूच्या आवरणातील एंडोटॉक्सिन इतर ग्रॅम-ऋण जंतूंच्या मानाने बरेच सौम्य असते. रक्तद्रव-अदलाबदलीची गोष्ट निराळी आहे. फुप्फुसांत रक्तस्राव होणाऱ्या लेप्टोच्या रुग्णांवर सुरत येथील डॉक्टरांनी तिचा प्रयोग केला आणि त्याचे आशादायक अनुभव २०१० मध्ये मांडले. सर्वसाधारण सेप्सिसमध्ये रशियातील आर्खांगेल्स्क येथे १०६ रुग्णांवर २००२ साली झालेल्या चाचणीत मृत्यू ५४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आल्याचे दिसले होते, पण त्यावर शिक्कामोर्तब करणारी मोठी चाचणी त्यानंतर बराच काळ झाली नाही. २०२१ च्या तत्त्वांनी याबाबत पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले आणि बाजू घेण्याचे टाळले. या उपचाराला ताज्या गोठविलेल्या रक्तद्रवाच्या पुष्कळ पिशव्या लागतात, म्हणजे रक्तपेढी सक्षम हवी.

पैसा, अंतर आणि विचारावयाचे प्रश्न

२०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय वाढली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि घाटापलीकडे कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. चित्र वीस वर्षांपूर्वीपेक्षा निश्चितच बरे आहे. परंतु चिकटविणाऱ्या एका नळकांड्यासाठी मोजावी लागणारी रक्कम लहान भातशेतकऱ्याच्या अख्ख्या हंगामाच्या उत्पन्नापुढे सहज जाते, आणि एका नळकांड्यावर बहुधा भागत नाही. गाय विकून, दागिना गहाण ठेवून ही रक्कम उभी केली जाते. म्हणून नातेवाइकांनी संकोच न करता डॉक्टरांना विचारावे : हे यंत्र मूत्रपिंडासाठी लावायचे आहे, की सेप्सिससाठी? मूत्रपिंडासाठी असेल तर ते आज लागले नाही तर काय होईल? सेप्सिससाठी असेल तर त्याचा लाभ सिद्ध झालेला आहे का, आणि प्रतिजैविकाची मात्रा त्यानुसार वाढविणार का? बहुतेक डॉक्टर या प्रश्नांची सरळ उत्तरे देतात. अटीतटीच्या रुग्णासाठी, सर्व ज्ञात उपाय थकल्यावर, शेवटचा प्रयत्न म्हणून एखादा डॉक्टर नळकांडे सुचवील तर त्यात गैर काही नाही, फक्त तो प्रयत्न आहे हे कुटुंबाला आधी सांगितलेले असावे.

रुग्णाच्या नशिबाचा मोठा भाग यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच ठरलेला असतो. सेप्टिक शॉकच्या रुग्णांच्या नोंदींवरून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविकास झालेल्या प्रत्येक तासाच्या विलंबामागे वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हे प्रतिजैविक दुर्मीळ नाही. लेप्टोवर पेनिसिलिन, सेफ्ट्रिॲक्सोन वा डॉक्सिसायक्लिन चालते. पालीसारख्या महामार्गावरील गावातील ग्रामीण रुग्णालयात पहिले इंजेक्शन, शिरेतून सलाइन आणि क्रिएटिनिनसाठी रक्ताचा नमुना एवढे झाले, चिठ्ठीवर इंजेक्शनची वेळ लिहिली आणि मग रुग्णवाहिका हलली, तर पुढच्या रुग्णालयातील डायलिसिसला अर्थ उरतो. ‘मोठ्या दवाखान्यात गेल्यावर बघू’ म्हणून कोरडाच पाठविलेला रुग्ण दोन-तीन तास गमावून बसलेला असतो, आणि ते तास कोणतेही नळकांडे भरून देत नाही.

लावणीच्या दिवसांत जोखमीच्या भागांत आरोग्य विभागातर्फे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. प्रौढांसाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम ही प्रतिबंधक मात्रा आहे. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. पायाला जखम असेल तर चिखलात उतरताना गमबूट घालावेत, हा सल्ला दरवर्षी दिला जातो. खाचरात गमबूट रुतून बसतात, हे लावणी करणाऱ्याला ठाऊक असते, सल्ला देणाऱ्याला बहुधा नसते. त्यामुळे गोळीवर अधिक भर देणे व्यवहार्य.

डायलिसिस एकदा सुरू झाले की जन्मभर मागे लागते, या धास्तीने अनेक कुटुंबे संमती देण्यास कचरतात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने वर्षानुवर्षे झिजलेल्या मूत्रपिंडाबाबत ती भीती रास्त आहे. लेप्टोत मात्र मूत्रपिंड अचानक थांबलेले असते आणि रुग्ण तगला तर बहुधा काही आठवड्यांत ते पुन्हा काम करू लागते. थोड्या बैठकांनंतर मानेतील नळी काढली जाते. घरी गेल्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी एकदा करून घ्यावी, आणि तोवर अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून खाऊ नयेत.